गावंडेताईंचं मत

“मांगं पाय बे, मांगं! झुडपात बसून राहिला थो!”

कंपनीच्या बसमध्ये सकाळच्या पाळीची माणसं बहुधा पेंगतच बसतात. अमरावतीहून नांदगाव पेठेच्या एमआयडीसीपर्यंतचा रस्ता काही फार लांब नाही, पण एक डुलकी होते. त्या दिवशी अख्खी बस जागी झाली. दोघातिघांनी खरंच खिडकीबाहेरच्या झुडपांकडे पाहिलं. ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि आरशात पाहत विचारलं, “काय झालं वो बाई?”

ओरडणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही. अंगात चेकिंग खात्याचा निळा ॲप्रन, जाड भिंगाचा चष्मा, कानात इयरफोन, दोन्ही अंगठे मोबाईलवर. वय पंचेचाळिशीच्या आसपास. “काई नाई भाऊ,” त्या म्हणाल्या. “मेला थो. चालू द्या गाडी.”

गावंडेताईंचं मला झालेलं हे पहिलं दर्शन. मी तेव्हा अकोल्याहून नवा आलो होतो, स्टोअरमध्ये लागलो होतो. आमच्या कारखान्यात जीनचं कापड बनायचं. चेकिंगच्या बायकांसमोर दिव्याच्या टेबलावरून ते कापड दिवसभर सरकत जायचं आणि त्यांनी त्यातली गाठ, सुटलेला धागा, रंगाचा पट्टा शोधायचा. दिवसभर खोट काढणं हा ताईंचा पगारी धंदा होता. बसमध्ये तोच धंदा त्या बिनपगारी करायच्या, फक्त तिथे समोर कापड नसून गेम असायचे.

त्यांच्या मोबाईलला जीनच्या कापडाच्या काठाची वेणी घातलेली होती आणि तो गळ्यात लटकत असे. पिशवीत एका पुडीत फुटाणे आणि एका छोट्या डबीत टाल्कम पावडर. नव्या माणसाला वाटे, बाई नटतात. ती पावडर अंगठ्यांसाठी होती. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात अंगठा काचेवर चिकटतो आणि नेमका मोक्याला घसरत नाही, म्हणून ही तजवीज.

मी बसमध्ये क्रिकेटचा गेम खेळत होतो. एकदा त्या शेजारी येऊन बसल्या.

“कसा हाय?”

“मस्त आहे.”

“मस्त त चहा बी राहते. काहून मस्त ते सांग ना.”

मला सांगता येईना. मी रोज खेळत होतो आणि का खेळतो हे मलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी घरून विचार करून आलो आणि सांगितलं की यातला बॉलर थकतो, सहाव्या ओव्हरला त्याचा वेग पडतो, ते मला आवडतं. त्यांनी फुटाण्याची पुडी पुढे केली. “आता बोलला माणसासारखा.”

मागच्या सीटवर आम्ही चौघे जमू लागलो ते असे. रंगाई खात्यातले फिरोजभाई, ज्यांची नखं ईदच्या दिवशीही निळी असत. सदानंद नावाचा फिटर, ज्याला गाड्यांच्या शर्यतीखेरीज काही दिसत नसे. मी आणि ताई. सोमवारी, सुट्टी संपवून आलं की, कोणी काय खेळलं आणि त्याचं काय मत झालं, हे सांगायचंच. “आवडलं” एवढ्यावर सुटका नव्हती. सदानंदला त्यांनी एकदा विचारलं, “तुह्या गाडीले ब्रेक हाय काय?”

“आहे ना ताई.”

“कधी दाबला?”

सदानंद हसला. दाबायची गरजच पडत नाही म्हणाला.

“मंग अर्धाच गेम खेळला तू. अर्ध्यावर मत नको सांगू.”

इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण त्या वापरत नसत. प्रत्येक गेमला त्यांचं स्वतःचं नाव. शंभर माणसं विमानातून बेटावर उड्या मारतात आणि शेवटी जो जिवंत राहतो तो जिंकतो, तो ‘उडीवाला’. शेतीचा गेम तो ‘वांगेवाला’. त्यांचं माहेर नांदगाव खंडेश्वरचं, म्हणजे कारखान्याच्या नव्हे, दुसऱ्या नांदगावचं. तिथे वडिलांचं काळ्या मातीतलं वावर. वांगेवाल्याबद्दल त्या म्हणायच्या, “पेरलं का उगवलं. डुक्कर नाई, अळी नाई, शेजाऱ्याची बैलबंडी वावराच्या धुऱ्यावरून जात नाई. माह्या बापानं पायला असता त हसून हसून लोळला असता.”

“मग खेळता कशाला?”

“खोटा हाय, पण गोड हाय. झोपीच्या आधी गोड खोटं चालते माणसाले.”

उडीवाल्यात मात्र त्या खऱ्या रमायच्या. त्यात माइक चालू ठेवून सोबतच्यांशी बोलता येतं. देशभरातली पोरं त्यात असतात आणि त्यांची नावं किंग, डेव्हिल, किलर अशी. ताईंचं नाव तिथे ‘माया गावंडे नांदगाव खंडेश्वर’. बाईचा आवाज ऐकला की पलीकडून सुरू व्हायचं. आंटी, इथे काय करता, भांडी कोण घासेल. कधी त्याहून वाईट. आम्ही त्यांना सांगितलं, माइक बंद ठेवा, नाव बदला, कशाला डोक्याला ताप.

“मी काहून बंद करू? घाण थो बोलून राहिला, दार मी लावू?”

आणि त्या माइकवर म्हणायच्या, “भांडे घासून आली बाबू, आता तुही पाळी.” बऱ्याचदा त्यानंतर त्यांनाच कोणीतरी मारायचं, कारण नेम त्यांचा कच्चा होता आणि तसं त्या स्वतःच सांगायच्या. पण माइक कधी बंद झाला नाही. त्यांच्या भावाने गावाचं नाव तरी काढ म्हणून फोन केला होता. “गावाचं नाव मी लिवलं त गाव बाटलं काय?” असं विचारून त्यांनी फोन ठेवला होता.

त्यांचे यजमान एका कृषी केंद्रात कामाला होते. अतिशय कमी बोलणारा माणूस. बायकोच्या तक्रारी घेऊन कोणी त्यांच्याकडे गेलं की ते एकच वाक्य बोलत, “तिलेच सांगा ना.” तिला सांगायची हिंमत असती तर माणूस त्यांच्याकडे आलाच नसता, त्यामुळे बहुतेक तक्रारी तिथेच मिटत.

अकोल्याची बातमी मीच आणली. आमच्या जुन्या मोहल्ल्यातल्या गणेश मंडळाने उडीवाल्याची स्पर्धा ठेवली होती. चार जणांचा संघ. आम्ही चौघे होतोच. रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. मंगल कार्यालयात खुर्च्या, मोठा पडदा आणि सगळी विशी-बाविशीतली पोरं. मंडळाचे सचिव माझ्या ओळखीचे. त्यांनी आम्हा तिघांशी हात मिळवला आणि ताईंना नमस्कार केला.

“वहिनी, महिलांचा कार्यक्रम उद्या आहे. रांगोळी आहे, पाककृती आहे. उद्या या ना.”

“रांगोळी मले येत नाई,” ताई म्हणाल्या. “मी खेळाले आली.”

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “चौथ्या खेळाडू याच आहेत.”

“तसं नाही हो वहिनी. हे सगळे पोट्टे. खेळताना त्यांच्या तोंडातून काहीबाही निघते. तुम्हालाच बरं वाटणार नाही.”

“मंग त्यांले सांगा तोंड सांभाळाले. मले काहून सांगता?”

“पण नियमात बसत नाही ते.”

“दाखवा नियम.”

नियमांचा फलक दाराशीच होता. ताईंनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. “संघात चार जण. हाव, चार हाओत. वय अठराच्या वरतं. हाव, भल्लंच वरतं हाय. मोबाईल स्वतःचा. हाय.” मग सचिवांकडे वळून विचारलं, “बाई नाई चालत, हा कुठी लिवला?”

खुर्च्यांतली पोरं हसायला लागली. ताईंना नव्हे, सचिवांना. सचिव बाजूला झाले. ताई जाऊन खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून पावडरची डबी काढली.

“आंटी मेकअप करून राहिली!” मागून एक जण ओरडला.

“हाव,” ताई म्हणाल्या, “अंगठ्याचा.”

खेळात फिरोजभाई लवकर गेले, त्यांच्या मागोमाग मी. सदानंद आणि ताई मात्र टिकून राहिले. पडद्यावर ताईंचं लांबलचक नाव पुन्हा पुन्हा येत होतं आणि गर्दीतून कोणी कोणी ‘नांदगाव खंडेश्वर!’ असा आरडाओरडा करत होतं, थट्टेने की कौतुकाने, ते कळत नव्हतं. शेवटी मोजकेच लोक उरले. सदानंद पडला. ताई एका पडक्या भिंतीमागे होत्या. तिथेच थांबल्या असत्या तर कदाचित काही जमलं असतं. त्या निघाल्या आणि निघाल्याबरोबर लाल शर्टातल्या एका पोराने त्यांना टिपलं. आमचा संघ चौथा आला. बक्षिसं तीन होती.

बक्षिसं वाटून झाल्यावर सचिवांनी माइक घेतला. आता त्यांचा सूर बदलला होता. मातृशक्ती वगैरे शब्द वापरून त्यांनी एकमेव महिला स्पर्धक म्हणून ताईंचा सत्कार जाहीर केला. कोणीतरी शाल उलगडली. ताई स्टेजवर गेल्या आणि शाल खांद्यावर पडायच्या आत हात आडवा केला.

“थांबा. आमचा नंबर कितवा?”

“चौथा.”

“चौथ्या नंबराले शाल हाय काय?”

“नाही, पण तुम्ही...”

“मंग मले बी नाई.” आणि सचिवांच्या हातातला माइक त्यांनी सहज काढून घेतला, आपलीच वस्तू असल्यासारखा. “वरतं बोलावलंच हाय त मत सांगते. उडीवाला आता जुना झाला. बेट तेच, घरं तेच, कोण कुठी लपन हे अंधळ्याले समजते. नवा नकाशा आला पायजे. दुसरं, मी त्या भिंतीमांगून निघाली ते चुकलं. घाई केली. ह्या लाल शर्टानं मले बरोबर मारलं, शाल द्यायचीच असन त त्याले द्या. तिसरं, तुमचे सारे पंखे पाहुण्यांकडं फिरवले हाय, खेळणारे घामानं भिजून राहिले. आन शिव्या. तुमी म्हणे मले बरं वाटणार नाई. साऱ्या ऐकल्या मी. दोन त नव्याच होत्या.”

हॉल दणाणला. परतीच्या गाडीत फिरोजभाईंना इतकं हसू येत होतं की समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी त्यांना पाणी दिलं.

कोणीतरी ते सगळं मोबाईलवर टिपलं होतं. दोन दिवसांत तो व्हिडिओ अमरावतीत, अकोल्यात, सगळीकडे फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते इथे सांगत नाही. एका पेपरचा माणूस कारखान्याच्या गेटवर आला. चांगला मुलगा होता, त्याला ताईंवर कौतुकाने लिहायचं होतं. त्याने विचारलं, “ताई, कामाचा ताण, संसाराच्या अडचणी, यातून विरंगुळा म्हणून तुम्ही खेळता ना?”

“नाई. मजा येते म्हणून खेळते.”

“म्हणजे काही एकटेपणा किंवा दुःख...”

“काय गा, माणूस खेळला त शौक, आन बाई खेळली त दुःख काय? मजा येते. तेवढंच लिव.”

त्याने ते लिहिलं की नाही, मला माहीत नाही. बातमी काही आली नाही.

ताईंना एकच मुलगी, ऋतुजा. नर्सिंग पूर्ण झालेलं. तिच्यासाठी अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत होता, दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, फोनवर बोलत होते. ठरल्यातच जमा होतं. व्हिडिओनंतर मुलाचे वडील आणि काका अमरावतीला आले. मी अकोल्याचा, त्यांच्या ओळखीतला, म्हणून ताईंनी मलाही घरी बोलावलं होतं.

चहा झाला. काकांनी यजमानांकडे वळून सुरुवात केली. “गावंडे साहेब, मुलगी लाखात एक आहे. आमचं काहीच म्हणणं नाही. फक्त वहिनींचं ते... लोक विचारतात हो आम्हाला. तेवढं बंद झालं की दिवाळीनंतर साखरपुडा उरकून टाकू.”

यजमानांनी कप खाली ठेवला. “ती इथंच बसून हाय. तिलेच सांगा.”

काकांना वळावं लागलं. ताईंनी विचारलं, “मुलगा खेळते ना तुमचा?”

“मुलांचं काय, सगळेच खेळतात.”

“माह्या खेळानं तुमचं काई अडलं काय? चहा भेटला ना?”

“प्रश्न अडण्याचा नाही वहिनी. शोभण्याचा आहे.”

ताईंनी रिकामे कप एकात एक ठेवले. ऋतुजा आतल्या दाराला टेकून उभी होती आणि आईकडे पाहत होती. तिला काय हवं होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मला वाटलं, आता या हो म्हणतील. मी असतो तर म्हटलं असतं. कोणीही म्हटलं असतं. एक खेळ तर आहे.

“पोरीच्या भल्यासाठी तुमी सांगान थे करीन मी,” ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता. “पण हे पोरीसाठी नाई. हे तुमाले लोक विचारतात म्हणून हाय. ते मले नाई जमत.”

पाहुणे उठले. बोलणं सभ्यच झालं, चपला घालेपर्यंत सगळे एकमेकांना सांभाळून होते. दार लागल्यावर ऋतुजा बाहेर आली.

“एक हो म्हणता आलं नाही तुला? हो म्हणायचं आणि मग लपून खेळायचं. कोण पाहायला येणार होतं?”

“लपून खेळाले मी काय चोरी करून राहिली?”

“तुझं खरं झालं. माझं काय झालं, ते पाहिलंस का?”

मी निघालो, कारण तिथे थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर ऋतुजाने सरकारी आरोग्य केंद्रातली नोकरी घेतली. जवळच्या जागा होत्या, तिने धारणी मागून घेतली. मेळघाटाच्या पार टोकाला, जंगलात, खराब रस्त्याचं गाव. घरापासून जितकं लांब जाता येईल तितकं. ती बापाला फोन करायची. आईशी बोलायची नाही.

बसमध्ये ताई खेळायच्या, पण आवाज गेला होता. सोमवारी आम्ही मतं सांगायचो आणि त्या मान हलवायच्या. एका सोमवारी फिरोजभाईंनी एका भिकार गेमची स्तुती सुरू केली. काय तो रंग, काय ती गोष्ट, असा गेम झाला नाही. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की तो गेम वाईट आहे, त्यांनाही. ते बोलतच राहिले. बस कारखान्याजवळ आली तेव्हा ताई म्हणाल्या, “फिरोजभाई, खोटं बोलून राहिले तुमी. असा गेम तुमाले आवडूच शकत नाई.”

फिरोजभाई म्हणाले, “आवाज निकला ना लेकिन तुमचा.”

ताई हसल्या, मग चष्मा काढून पदराने डोळे पुसत राहिल्या. “बोलत नाई वो ती माह्यासंगं.”

“पस्तावा होते काय ताई?” सदानंदने विचारलं. आमच्यापैकी दुसऱ्या कोणाला ते विचारता आलं नसतं.

“रोज होते. पण पस्तावा होते म्हणून ते चुकलं होतं, असं नाई.”

बस थांबली. त्यांनी ॲप्रन सारखा केला आणि उतरून चेकिंगकडे चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या माइकवर एका पोराला झापत होत्या. ड्रायव्हरने आता गाडी हळू करणं सोडून दिलं होतं.

पुढे मी ती नोकरी सोडून अकोल्याला परत आलो. फोनवर अधूनमधून मतांची देवाणघेवाण चालायची, मग तीही विरळ झाली. मध्ये एकदा कामानिमित्त परतवाड्याला गेलो होतो. जीपच्या अड्ड्यावर चहा पीत उभा होतो तर हाक आली. धारणीच्या जीपमध्ये मधल्या सीटवर, दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये ताई बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. मांडीवर मोठी पिशवी होती.

“ऋतुजाकडं चालली,” त्यांनी मी न विचारताच सांगितलं. “मयन्यातून एक चक्कर होते आता.”

“बोलते?”

“फोन आला होता तिचा. तिथल्या एकानं तिले सांगतलं, एकटी पोरगी इथं राहू नको, बदली मागून घे, लोक नाई नाई ते बोलतात. ‘मी नाही म्हटलं, आई,’ एवढंच बोलली. मंग मी पयली गाडी पकडली.” त्यांनी पिशवी उगाच सारखी केली. “त्या लग्नाचं ती काढत नाई, मी बी काढत नाई. तिच्यासाठी तळलेल्या सांभारवड्या घेऊन चालली.”

ड्रायव्हर जागेवर येऊन बसला. मी म्हणालो, जंगलात नेटवर्क नाही, तिकडे कसं खेळता? त्या म्हणाल्या, बिननेटवर्कचे घेतले, आणि लगेच विचारलं, “तू काय खेळून राहिला?”

मी सांगितलं. एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनचा गेम. आपण स्टेशन मास्तर, एकेक प्रवाशाला वाटेला लावायचं आणि शेवटी स्टेशनचा दिवा स्वतःच्या हाताने विझवायचा. काहीही केलं तरी शेवट तोच. मला तो फार भावला होता. मी चांगली वाक्यं जुळवून सांगितलं की न टळणारी गोष्ट शांतपणे स्वीकारायला तो शिकवतो.

“मीनं खेळला थो,” ताई म्हणाल्या. “भंगार हाय.”

“ताई, अहो, शेवट किती...”

“शेवट ठरवूनच ठेवला होता त मले खेळाले काहून बोलावलं? मी कितीक वेळ थो दिवा विझवलाच नाई! तशीच बसून राहिली!”

जीप सुरू झाली. त्या खिडकीकडच्या माणसाच्या अंगावरून वाकून बाहेर डोकं काढत होत्या आणि तो बिचारा मागे रेलून जागा करून देत होता. मी जीपसोबत दोन पावलं चालत म्हणालो की मग गेम पुढे जातच नाही. “नको जाऊ दे!” त्या ओरडल्या. पुढचं इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. जीप जंगलातल्या सेमाडोहच्या रस्त्याला लागली तरी त्यांचा हात बाहेर होता, एकेक बोट दुमडत त्या मुद्दे सांगत होत्या, आणि त्यांच्या शेजारचे दोन्ही धिप्पाड गडी माना डोलावत होते.